टाकी नंबर तीन

रजिस्टरात मी रोज दोनदा लिहिते:
क्षारता पस्तीस. पाणी सत्तावीस अंश. पंप चालू.
जवळचा समुद्र खंबातचा, पण तो गढूळ, उकळलेल्या चहासारखा;
त्यात हे जगलं नसतं.
हे कच्छच्या आखातातलं, ओहोटीला उचललेलं.
परवानगीचा कागद दारामागे चिकटवलाय,
शिक्का, सही, आणि अक्षरी: तुकडे तीन फक्त.

बघायला येणारे विचारतात, दगड आहे का हो?
मी म्हणते, प्राणी.
तोंड आहे, पोट आहे,
आत यायची वाट तीच बाहेर जायची.
मग दिवा मालवते, लाल बॅटरी धरते,
आणि दगडाला बोटं फुटतात,
राईएवढ्या तोंडाभोवती, चाचपडणारी, डंखाची.

दिवसा मात्र चूल पेटवत नाहीत.
कातडीच्या आत शेवाळ राहतं, तपकिरी, एका पेशीचं,
ते उन्हाची साखर करतं
आणि बहुतेक सगळी घरमालकाला देऊन टाकतं.
मालक देतो आपला उच्छ्वास, आपली घाण.
असं भाडं मी रावपुऱ्यात कुठे पाहिलं नाही.
भावाच्या अंगठीतलं पोवळं यांच्यातलं नव्हे,
ते खोल अंधारात वाढतं,
भाडेकरू ठेवत नाही.

या तिघांचं काम एकच. बुडाखाली चुना घालायचा,
स्वतःला थोडं वर उचलायचं,
खालचा मजला लिंपून बंद करायचा.
वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर.
माझं नख याच्या तिप्पट धावतं.

मे महिन्यात लाइट गेली ती वीस तास.
जनरेटरमध्ये डिझेल नाही, कापडिया मॅडम ओख्याला.
एकोणतीस. तीस. साडेएकतीस.
कमाटीबागेच्या दारावर गोळेवाला मुस्तुफा
भुशातली लादी फोडून देत म्हणाला, कोण आजारी आहे?
मी म्हटलं, तिघं.
बर्फ दुधाच्या पिशव्यांत बांधला,
गोडं पाणी आत जाता कामा नये,
आणि रात्रभर पिशव्या बदलत बसले.
तेहतीसच्या पुढे पारा गेला नाही.

चौथ्या दिवशी पाण्यात तपकिरी धागे.
सहाव्या दिवशी दोन नंबर पांढरा.
मेला नव्हता. कातडी काचेसारखी झालेली,
तिच्यातून आतला चुना दिसत होता,
उपाशी माणसाच्या बरगड्या दिसतात तसा.
मॅडम म्हणाल्या, अती ऊब आणि ऊन एकत्र आलं
की त्या साखरेच्या कारखान्यातच विष होतं.
मग शेवाळ आपण होऊन निघतं
की प्राणी त्याला घराबाहेर काढतो,
यावर अजून वाद आहे, मंदाताई.

मी बस चुकवून चालत घरी आले.

अळी पोहत येते, एकदाच जागा निवडते,
नंतर पाय नाहीत.
आमचेही कोणी शिलेदार असेच इथे टेकले,
पिढ्या झाल्या मोजायच्या राहून.
भावाला फोनवर मी म्हणते, औषध घेतलंस, बराबर ने?
त्याला ते शेपूट ऐकूसुद्धा येत नाही.
पुण्याची मामेबहीण हसते, म्हणते, तुमचं मराठी भेसळीचं.
मला वाटतं, ते "ने" उपटून काढलं
तर माझं वाक्य उभं राहील,
व्याकरणशुद्ध, पांढरं,
आणि आतला सापळा दिसेल.

आता रोज रात्री साडेनऊला
दोन नंबरला ड्रॉपरने भरवते.
मिठागरातल्या कोळंबीची पिल्लं, डोळ्यांना दिसतील न दिसतील अशी.
तो बोटं काढतो. हळू. एखादं पिल्लू निसटतं.
कामाची वेळ साडेपाचला संपते,
हे बाबरभाई चौकीदाराने सांगून झालंय.

एकवीस जून. क्षारता पस्तीस. पाणी सत्तावीस.
तुकडा दोन: डाव्या कडेला तपकिरी ठिपका,
एक मिलिमीटर.
काचेवरचा डाग असू शकतो.
काच पुसली.
उद्या पुन्हा बघणे.